डाव्या पायाचं काय करायचं

पप्पांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, नांदेडला एक गाडी बघायला जायचंय. ऑटोमॅटिक आहे.

भाकरी थापणारे मम्मीचे हात परातीतच थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी फोनमध्ये पाहिलं. एखादी गोष्ट पटली नाही की आम्ही दोघी असंच करतो.

"कुणासाठी?" मम्मीने विचारलं.

"घरासाठी."

"घराला गाडी हाय की."

"अगं, बघायला काय जातंय?"

मला खटकला तो 'ऑटोमॅटिक' हा शब्द. पप्पा जनावरांचे डॉक्टर. लातूरजवळच्या मुरुडच्या आसपासच्या गावांमध्ये त्यांनी आयुष्यभर गाडी हाकली ती गिअरची. शेजारच्या काकांनी ऑटोमॅटिक घेतली तेव्हा सगळी गल्ली पेढे खात होती आणि पप्पा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले होते, "ही गाडी नाही, पाळणा आहे. आपण बसायचं आणि दुसऱ्या कुणीतरी हलवायचं." पुढे बराच वेळ त्यांनी काकांना समजावलं. काळ्या मातीत चाक रुतलं की पहिला आणि रिव्हर्स, पहिला आणि रिव्हर्स असं झुलवून गाडी बाहेर काढता येते. बॅटरी बसली तर चार माणसं ढकलतात, दुसरा टाकून क्लच सोडला की गाडी चालू. चढावर गाडीचा दम किती उरलाय ते पायाला कळतं. काका मान हलवत राहिले. घरी आल्यावर मम्मी म्हणाली, "मिक्सर आला तवा पाट्यासाठी कुणी रडलं का? ज्यात कामं कमी ती चांगली." मशीनच्या बाबतीत मम्मीशी वाद घालायचा नाही असं पप्पांचं आहे.

असा माणूस आता ऑटोमॅटिक बघायला निघाला होता, आणि तीही लातुरात नाही, नांदेडला.

मम्मीने मला स्वयंपाकघरात ओढलं. "तू जा संगं. आणि घेऊ देऊ नको."

"मी काय करणार?"

"तू बघ. तुला दिसतं."

माझ्याबद्दल घरात हे एकच कौतुक आहे. नातेवाईक म्हणतात, पोरगी इंग्लिश मीडियमची आहे पण बोलत नाही, नुसती बघते. मी घरी बसून एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी केलेलं काम उघडून त्यात कुठे चुकलंय ते शोधायचं आणि लिहून पाठवायचं. त्यात कुणाशी बोलावं लागत नाही. दिवसभर हेच केल्यावर माणसाला प्रत्येक गोष्टीत काहीतरी लपवलंय असं वाटायला लागतं. मला तर ते आधीपासूनच वाटायचं.

पप्पांच्या डाव्या गुडघ्याबद्दल मला कधीपासूनच संशय होता. एका बैलाने मारलेली लाथ त्यांनी तरुणपणी अंगावर काढली होती, ती म्हातारपणी वर आली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, व्यायाम करा, काही महिन्यांनी गाडी चालवाल. ते महिने कधीच उलटून गेले. कुणी विचारलं की पप्पा गुडघ्यावर टिचकी मारून म्हणत, "एकदम ओके." पण गाडीची किल्ली ते माझ्या हातात देत. आज मूड नाही, आज डोकं दुखतंय, तुझी प्रॅक्टिस होऊ दे. पप्पा पुन्हा गाडी चालवणार की नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि तो कुणीच विचारत नव्हतं. कारण गाडी चालवणं हे पप्पांचं सगळं काही होतं. रिटायर झाल्यावरही कुठल्या गावात कुणाची म्हैस अडली तर फोन त्यांनाच यायचा आणि ते शर्टाची बटणं लावत निघायचे. आता फोन आला की ते दुसऱ्या डॉक्टरचा नंबर द्यायचे. नंबर सांगताना भिंतीकडे तोंड करायचे.

आम्ही निघालो. गाडी अर्थातच मी चालवत होते. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं, आणि पप्पांच्या सूचना चालूच होत्या. "थर्ड घे. आवाज ऐकू येत नाही का तुला? ती ओरडून राहिलीय." कसली गाडी आहे, कुणाची आहे, असं मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाले, "ओळखीचा आहे." दुसऱ्यांदा म्हणाले, "समोर बघ."

नांदेडच्या लातूर फाट्याच्या अलीकडे जुन्या गाड्यांचं एक यार्ड होतं. पत्र्याचं शेड, त्यावर पुसट झालेला बोर्ड, आणि ऊन खात उभ्या असलेल्या गाड्या. त्यातली एक बघून मी ब्रेक जरा उशिराच दाबला.

ती रोडस्टर होती. परदेशी कंपनीची, दोनच सीटची, कापडी छप्पर मागे दुमडलेलं, जमिनीला पोट टेकवून बसल्यासारखी बुटकी. तेलंगणाची नंबर प्लेट. रंग राखाडी निळा. बाकीच्या गाड्यांच्या रांगेत ती लग्नाला चुकून शेजारच्या मांडवात शिरलेल्या पाहुणीसारखी दिसत होती.

"पप्पा, हीच का?"

"हं."

"यात मम्मी कुठे बसेल?"

त्यांनी दार उघडलं आणि उतरले. म्हणजे उतरायला लागले. आधी डाव्या मांडीखाली हात घालून तो पाय उचलून बाहेर ठेवला, मग उजवा. खिशातला रुमाल शोधतोय असं दाखवत केलं. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

यार्डाचा मालक शेडमधून धावतच आला. चाळिशीचा, गळ्यात टॉवेल, तोंडात पान. त्याने पप्पांचे पाय धरले. "डॉक्टरसाहेब! किती वर्षांनी. आमच्या बापाच्या सगळ्या बैलांना तुमचाच हात लागलेला हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, आमचे वडील भोकरकडचे हेडी. बैलांचा व्यापार. आम्ही बैल सोडून हे घेतलं. चारा तर न्हाई लागत, पण खाती बैलापेक्षा जास्त."

पप्पा हसले. असं मोकळं हसू मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं आणि त्यामुळेच मी जास्त सावध झाले. विकणाऱ्या माणसाने पाया पडणं मला चांगलं लक्षण वाटत नाही.

तो गाडीचे गुण सांगायला लागला. हैदराबादच्या एका शौकीन माणसाची. फेसलिफ्ट मॉडेल. "फेसलिफ्ट म्हणजे काय ताई, तुम्हाला सांगायची गरज न्हाई, तुम्ही इंग्लिशवाल्या. तोंड नवीन, लाइट नवीन, बंपर नवीन. आन् ऑटोमॅटिक. डी मध्ये टाका आन् निघा. गिअर गाडीच बदलते, तुम्हाला पत्ता लागू देत न्हाई."

"तेच तर," पप्पा म्हणाले. "पत्ता लागला पाहिजे."

"साहेब, आता जमाना पत्ता न लागायचा हाय."

ते दोघं शेडच्या सावलीत गेले आणि हळू आवाजात बोलायला लागले. मालकाने एकदा पप्पांच्या गुडघ्याकडे पाहिलं. पप्पांनी मान हलवली. मला ऐकू येत नव्हतं. ऐकू येऊ नये म्हणूनच ते तिकडे गेले होते हे उघड होतं.

मी गाडीभोवती फिरले. फोनवर त्या मॉडेलचे जुने आणि नवे फोटो शेजारी शेजारी लावले. समोरचे दिवे नव्यासारखे, बारीक, भुवया कोरल्यासारखे. जाळीही नवी. पण मागचे दिवे जुन्या मॉडेलचे होते. आत वाकून पाहिलं, डॅशबोर्डचा स्क्रीन छोटा, तोही जुनाच. सीटबेल्ट पूर्ण ओढला की त्याच्या मुळाशी एक पट्टी असते, तिच्यावर तो कधी बनला ते छापलेलं असतं. ते वर्ष फेसलिफ्ट येण्याच्या बरंच आधीचं होतं. म्हणजे जुन्या गाडीला नवं तोंड चिकटवलेलं.

मला आनंद झाला. खोटं सापडलं की होतो तसा. आता हे पप्पांना सांगायचं होतं, पण मालकासमोर बोलायची माझी छाती नव्हती. पप्पा दहा पावलांवर होते आणि मी त्यांना मेसेज केला. पुढचं तोंड नवीन आहे, गाडी जुनी आहे. याच्यावर विश्वास ठेवू नका.

पप्पांचा फोन वाजला. त्यांनी तो खिशातून काढला, लांब धरला, डोळे बारीक केले, आणि मालकाच्या हातात दिला. "चष्मा गाडीत राहिला. बघा हो, काय लिहिलंय पोरीनं."

मला जमीन दुभंगली तर बरं असं वाटलं. मालकाने तो मेसेज मोठ्याने वाचला. शेवटचं वाक्यसुद्धा. मग त्याने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं आणि माझ्याकडे आला.

"ताई, बरोबर हाय. ही पुढून ठोकलेली होती. जुन्या मॉडेलचे पार्ट मिळंनात, म्हणून नव्याचे बसवले. इचारलं असतं तर सांगितलं असतं की. टाइप कशाला करायचं? मी इथंच उभा हाय, पळून जाऊन राहिलो का?"

"तुम्ही फेसलिफ्ट म्हणालात," मी कसंबसं म्हटलं.

"मग? फेस लिफ्ट केलेलाच हाय. कंपनीनं केला का माझ्या डेंटरनं, एवढाच फरक." पप्पांकडे वळून तो म्हणाला, "साहेब, पोरगी दात बघणारी हाय. बाजारात उभी केली असती तर आमच्या बापाचा धंदा बसला असता."

पप्पा पुन्हा हसले. म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून, तेल लावून त्याला तरुण म्हणून उभा करतात आणि मग डॉक्टर त्याच्या तोंडात हात घालून दात मोजतो, हे मला माहीत होतं. पण तिथे खोटं सापडलं की विकणारा निदान चेहरा तरी पाडतो. हा तर खूश दिसत होता. खोटं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला कळतं. पकडल्यावर लगेच हो म्हणणाऱ्याचं काय करायचं ते कळत नाही. गाडीतला दोष उघडा पडूनही त्याला काही वाटलं नाही, म्हणजे हा सौदा गाडीचा नव्हताच की काय? मग कशाचा होता?

त्याने किल्ली पप्पांच्या हातात ठेवली. "जा, चक्कर मारून या. ताई, तुम्ही बसा साहेबांसंगं. सीट दोनच हायत, मी कुठं बसू, बॉनेटवर?"

कुठलाही गाडी विकणारा अशी किल्ली सोडत नाही, स्वतः शेजारी बसतो. मी पप्पांकडे पाहिलं. ते आधीच दाराशी पोचले होते. या गाडीत बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर बसायचं. त्यांनी समोरच्या काचेच्या चौकटीला धरून स्वतःला खाली सोडलं आणि डावा पाय पँटची घडी धरून आत घेतला. या वेळी रुमाल शोधल्यासारखं केलं नाही.

"पप्पा, खरंच चालवणार?"

"मग बघायला आलो का नुसतं?"

त्यांनी ब्रेकवर पाय ठेवून दांडा डी मध्ये घेतला. ब्रेक सोडला आणि गाडी आपणहून पुढे सरकली. पप्पा दचकले. "मी काहीच केलं नाही अजून."

"ऑटोमॅटिक अशीच निघते."

"न विचारता?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तोच संशय होता जो माझ्या आवाजात असतो. तो मला कुणाकडून आला हे मला त्या क्षणी कळलं.

आम्ही यार्डाच्या मागच्या रस्त्याला लागलो. नवीन प्लॉटिंग, सरळ डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंना खुंट्या रोवलेल्या. छप्पर उघडं होतं. केस तोंडावर येत होते. पप्पांनी थोडा वेग घेतला आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला खूप जुनं काहीतरी दिसलं. मी लहान असताना त्यांच्यासोबत एखाद्या गावाला जायचे तेव्हा ते असेच दिसायचे, पुढे कुणीतरी वाट बघतंय असे. मला वाटलं, जमतंय. मी मम्मीला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागले.

इंजिनाचा आवाज चढला. गिअर बदलायची वेळ झाली असं त्या आवाजाने सांगितलं असणार. पप्पांचा डावा हात दांड्याकडे गेला आणि डावा पाय पूर्ण ताकदीने खाली गेला. क्लच तिथे नव्हता. तिथे ब्रेकचं रुंद पेडल होतं.

गाडी जागच्या जागी थांबली. माझा पट्टा छातीत रुतला. मागून येणारा ऑटो आमच्या बाजूने रस्त्याखाली उतरला आणि ऑटोवाला ओरडला, "ओ काका! रस्ता हाय का अंगण?" आणि धूळ उडवत निघून गेला.

पप्पा म्हणाले, "क्लच समजलो."

"होतं असं. सगळ्यांचं होतं."

खरंच होतं. मी वाचलं होतं. जन्मभर गिअरची चालवलेल्या माणसाचा डावा पाय रिकामा बसत नाही, तो काम शोधतो. थोडे दिवस त्याला मागे दुमडून ठेवायचं, मग तो शिकतो. मी हे सगळं सांगणार होते, पण मला पप्पांचा पाय दिसत होता. तो अजून ब्रेकवरच होता. त्यांनी तो काढलाच नव्हता. ते मांडीवर हात ठेवून थांबले होते, आणि पायाला काहीतरी सांगत होते, आणि पाय ऐकत नव्हता. मग त्यांनी पँटची घडी धरली, पाय उचलला आणि सीटजवळ ठेवला. एखादी पिशवी ठेवावी तसा.

मी समोर बघत राहिले. या वेळी मात्र मी पाहिलेलं त्यांना कळलं होतं.

ते यार्डापर्यंत हळूहळू आले. डावा हात गुडघ्यावर दाबून धरला होता, जसं एखादं वासरू इंजेक्शन देईपर्यंत दाबून धरावं. एका हाताने स्टिअरिंग.

मालक फाटकात उभा होता. त्याने आमचे चेहरे पाहिले. गळ्यातला टॉवेल काढून झटकला आणि पप्पांसमोर धरला. "या साहेब. आपल्या पद्धतीनं."

मला आधी समजलंच नाही. मग दिसलं की पप्पांनी उजवा हात टॉवेलखाली घातला, मालकानेही घातला. बैलांच्या बाजारात सौदा असाच करतात, मी लहानपणी लांबून पाहिलं होतं. कापडाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. किंमत बोटांनी सांगायची, तोंडाने नाही. बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. तो कापड हलताना बघतो फक्त.

मीही बाजूला उभी होते. ज्या मम्मीने मला 'तू बघ' म्हणून पाठवलं होतं तिच्यासाठी माझ्याकडे बघायला एक मळका टॉवेल होता.

टॉवेल हलला. मालक म्हणाला, "न्हाई, साहेब." पप्पा म्हणाले, "हं." पुन्हा हलला. मालकाने भुवया वर केल्या. पप्पांनी ओठ आत घेतले. हे घेणार. पाय उचलता येत नाही, पुढचं तोंड ठोकलेलं आहे, मम्मीला बसायला जागा नाही, आणि हे घेणार. मी "पप्पा" म्हटलं, पण कुणी वळून पाहिलं नाही.

मग पप्पांनी हात बाहेर काढला. मालकानेही काढला. त्याने टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि शेडकडे बघून ओरडला, "तीन चहा! एक बिनसाखरेचा!"

"काय ठरलं?" मी विचारलं.

"काही नाही ठरलं," पप्पा म्हणाले.

"कोण नाही म्हणालं?"

दोघंही हसले, पण आधीसारखं नाही. मालक म्हणाला, "ताई, त्याच्यासाठीच तर टॉवेल असतोय. कोण नाही म्हणालं ते बाजाराला कळू नये म्हणून."

चहा पिताना कळलं की यार्डात ऑटोमॅटिक अशी ती एकच होती. पप्पांनी फोनवर त्याला विचारलं होतं, एखादी बिनक्लचची आहे का, मला एक चक्कर मारून बघायचंय. लातुरात हे करता येत नव्हतं. तिथे प्रत्येक चौकात त्यांना हात करणारा माणूस उभा असतो आणि तो संध्याकाळपर्यंत मम्मीला विचारतो, "डॉक्टर गाडी चालवायला लागले वाटतं?" मालकाला फोनवरच कळलं होतं की गिऱ्हाईक घेणारं नाही. तरी त्याने गाडी धुवून ठेवली होती. हे तो सांगत असताना पप्पा चहात बघत होते. मी त्याला थँक्यू म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मला तेव्हाही वाटत होतं की टॉवेलखालचा पप्पांचा सौदा खोटाखोटा नव्हता. ती बोटं बराच वेळ आत होती.

परतीला पप्पांनी एकदाही गिअर सांगितला नाही. मी मुद्दाम थर्डला उशीर केला. इंजिन ओरडलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

अहमदपूर ओलांडल्यावर म्हणाले, "बाजूला घे."

मी घेतली. सोयाबीन काढून झालेलं रान होतं, चिटपाखरू नव्हतं. ते उतरले, गाडीच्या पुढून चालत माझ्या दाराशी आले आणि दार उघडलं.

"उतर."

"पप्पा."

"मोकळा रस्ता आहे. पुढच्या फाट्यापर्यंत."

मी आयुष्यात पप्पांना नाही म्हटलेलं मला आठवत नाही. मी सगळ्यांना हो म्हणते आणि मग मला पाहिजे ते करते. पण इथे तसं करायला जागाच नव्हती. किल्ली लावलेली होती आणि मी तिच्यावर हात ठेवला.

"नाही," मी म्हटलं.

"तुझ्या आईनं सांगितलंय?"

"तिने गाडी घेऊ देऊ नको म्हणून सांगितलंय. हे मी सांगतेय."

ते दाराला धरून उभे राहिले. एक ट्रक गेला, त्यांचा शर्ट फडफडला. मला वाटलं आता रागावतील. ते रागावतात तेव्हा आवाज चढत नाही, उलट एकदम शुद्ध मराठीत बोलायला लागतात.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तू सगळं बघतेस ना? मग सांग. मी परत गाडी चालवू शकतो की नाही?"

सगळ्या घराने महिनोन्महिने टाळलेला प्रश्न, आणि तो त्यांनीच विचारला, तोही मला. मी स्टिअरिंगकडे बघून बोलले, त्यांच्याकडे बघून जमलं नसतं.

"ही नाही. क्लचची कुठलीच नाही. तुमचा पाय खाली जातो पण परत येत नाही. ऑटोमॅटिक चालवू शकाल, पण आज नाही. आधी त्या ऑपरेशनवाल्या डॉक्टरला खरं सांगायचं. मग मोकळ्या ग्राउंडवर, डावा पाय मागे दुमडून, तो विसरेपर्यंत."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"आणि विसरला नाही तर?"

"मग नाही."

त्यांनी मान हलवली, बैलाच्या मालकाचं बोलणं ऐकताना हलवायचे तशी. पटलंय की नाही ते कळत नाही त्यात. मग दार लावलं, परत फिरून आपल्या जागी येऊन बसले आणि पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला. खिशातून फोन काढला आणि मम्मीला लावला.

"अगं, घेतली नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, "गुडघा बरा नाहीये. नाही, आजचा नाही. पहिल्यापासूनच."

पलीकडून मम्मी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पण ती बराच वेळ बोलत होती आणि पप्पा नुसतं "हं" करत होते. एकदा "तसं नाही गं" म्हणाले. एकदा "सांगतोय ना आता." शेवटी म्हणाले, "पोरगी म्हणते ऑटोमॅटिक, तीही आधी ग्राउंडवर." मी गाडी चालू करू का असं खुणेने विचारलं. त्यांनी हात वर करून थांबवलं.

मग त्यांनी फोन कानापासून दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुझी आई विचारतेय, पाळण्यात मागची सीट असते का. ग्राउंडवर तिला सोबत बसायचंय."

"असते म्हणा," मी म्हटलं आणि पहिला टाकला.